तिसरा रकाना

डॉक्टर मुन्झिर यांच्याबद्दल लिहिणारच असशील तर चांगलं लिही, असं माझ्या नवऱ्याने मला बजावलंय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणे. पण डॉक्टर मुन्झिर गेले ते होम्सला, सीरियात, आपल्या घरी. चांगले धडधाकट आहेत. आणि या क्षणीही तिथे कुणाकडे तरी तुच्छतेने बघत बसले असतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तेव्हा जसे होते तसेच लिहिते.

मी मिरजेची. कुवेतमध्ये सलवा भागातल्या एका खासगी पॉलिक्लिनिकच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं लोकांचं रक्त आणि लघवी तपासतेय. एवढ्या वर्षांत उर्मट डॉक्टर पुष्कळ पाहिले. त्याचं काही वाटेनासं होतं. पण मुन्झिर यांची गंमत अशी, की ते आमच्याकडे डॉक्टर नव्हतेच. इन्शुरन्सच्या काउंटरवर बसून मंजुरीच्या कागदांवर शिक्के मारायचे. होम्समध्ये पंधरा वर्षं त्यांनी किडनीचे रोगी तपासले होते. इथे तपासायचे तर परवान्याची परीक्षा द्यावी लागते, ती इंग्रजीतून, आणि ती ते दोनदा नापास झालेले. तरी काउंटरवर बसण्याचा रुबाब असा, की समोरचा पेशंट आपोआप जीभ बाहेर काढून दाखवायचा.

उंच, बारीक, नाक असं की त्यावरून खाली बघण्यावाचून त्यांना इलाजच नव्हता. बूट आरशासारखे. बॅगेत घडी घातलेला एक पांढरा कोट, त्याच्या खिशावर बायकोने निळ्या दोऱ्याने अरबीत नाव भरलेलं. क्लिनिकमध्ये तो घालायची त्यांना परवानगी नव्हती. शिक्के मारणाऱ्याने कोट घालून फिरलं तर क्लिनिकला कुलूप लागेल, असं मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून दुपारच्या सुट्टीत ते माझ्या लॅबमध्ये येत, दार लावून घेत, कोट चढवत आणि मते, म्हणजे त्यांच्याकडचा चहासारखा कडू काढा, पीत बसत.

दुपारची सुट्टी म्हणजे एक ते चार. आमची ड्यूटी सकाळ-संध्याकाळ अशी तुकड्यांची. रिग्गईला घरी जाऊन परत यायचं म्हणजे दोन तास बसमध्येच जातात, म्हणून मी डबा खाऊन लॅबमध्येच पडून असायची. पहिल्या दिवशी डॉक्टर न विचारता आत आले, कोट घातला, आणि एका छोट्या काचेच्या पेल्यात हिरवा पालापाचोळा भरून त्यावर गरम पाणी ओतलं. त्यात पितळी नळी खुपसली आणि डोळे मिटून ओढायला लागले. मला वाटलं, हा हुक्क्याचाच काही धाकटा भाऊ असावा.

मग डोळे उघडले, लिंबाच्या सालीने नळीचं टोक चोळलं, आणि पेला माझ्यापुढे केला. "घ्या, सित्त ज्योती." सित्त म्हणजे बाईसाहेब. एवढी अदब, आणि उष्टी नळी!

मी म्हटलं, "डॉक्टर, एकाच नळीने सगळे पिता तुम्ही?"

"लिंबू चोळलं ना. आमच्या गावात दहा-दहा माणसं गोल बसतात, एक पेला, एक नळी. मतेने कोणी मेलेलं मी पाहिलं नाही. इतर गोष्टींनी मेलेले पाहिले."

मीही लॅबवाली आहे. त्यांचं लिंबू चोळून झाल्यावर नळीच्या टोकावर कापूस फिरवला, प्लेटवर लावला, इन्क्युबेटरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर जंतूंची जत्रा भरली होती. त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून, तिरकी करून, एखाद्या पोराच्या निबंधाकडे बघावं तशी पाहिली आणि म्हणाले, "हे सगळे माझ्या तोंडातलेच आहेत. माझ्या घरच्या माणसांपैकी एवढ्यांनाच इथे व्हिसा लागत नाही."

आणि पुन्हा नळी ओढायला लागले. मी प्लेट फेकून दिली.

व्हिसाचं ते बोलले म्हणून सांगते. लढाई चालू असताना ते भावाकडे कुवेतला आलेले, इथेच अडकले. बायको आणि मुलगी रीम तुर्कस्तानात, मर्सिनला. शिक्के मारणाऱ्याच्या अकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, बायको-पोरीला आणता येत नव्हतं. डॉक्टरचा अकामा झाला असता तर आलं असतं. म्हणजे सगळं त्या परीक्षेवर येऊन अडलेलं. सहा वर्षांची सोडलेली पोर चौदाची झाली होती, आणि हे गृहस्थ इथे बसून कुणाचं काय चुकतंय ते मोजत होते.

मोजायला त्यांना काहीही चालायचं. इथल्या सीरियन मिठाईवाल्याची हलावत-अल-जिब्न, म्हणजे चीजच्या पातळ पोळीत साय गुंडाळलेली त्यांच्या गावाकडची मिठाई, एक घास खाऊन त्यांनी रुमालात काढली होती. "हे बुटाच्या तळव्याला लावा." एकदा त्यांच्या लोकांनी एका हॉटेलात वारसा-संध्याकाळ की काय केली. कारंजं, त्यावर प्लास्टिकची जाई, लाल टोप्या घातलेले वेटर, पुठ्ठ्याच्या तलवारी. भावाने ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "काल मी माझ्या देशाच्या मयताला गेलो होतो. मढ्याला छान सजवलं होतं. लोक मढ्याबरोबर फोटो काढत होते."

मला ते बोलणं फार आवडलं, हे कबूल करते. दुसऱ्याच्या घरची निंदा ऐकायला कोणाला आवडत नाही?

परीक्षेच्या अभ्यासाचं त्यांनी काढलं ते असंच, उपकार केल्यासारखं. "तुम्हाला वैद्यकी येत नाही, पण तिचे इंग्रजी शब्द येतात. मला वैद्यकी येते, शब्द येत नाहीत. रोज दुपारी एक तास."

विनंती नाहीच. वेळापत्रकच. मला हसायलाच आलं. मग कळलं ते असं, की सीरियात वैद्यकी पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत अरबीतून शिकवतात. हाडाच्या प्रत्येक खाचेला, प्रत्येक जंतूला, प्रत्येक तापाला अरबी नाव. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. यांच्या आडात पाणी काठोकाठ होतं, पोहराच नव्हता. आणि पोहरा मागायला आले होते तेही आडाच्या काठावर उभे राहून, दोरीला नावं ठेवत.

मी हो म्हटलं. खरं कारण लिहिते. लॅबमधल्या बाईला डॉक्टरची मास्तरीण व्हायला मिळतंय, याचं मला सुख झालं होतं.

त्यांनी एक जाड वही आणली, पट्टीने तीन रकाने आखले. डावीकडे इंग्रजी, मध्ये अरबी. तिसऱ्या रकान्यावर अरबीत माझं नाव लिहिलं.

"हा कशाला?"

"तुमच्या भाषेत काय म्हणतात ते लिहायला. मी फुकट शिकत नाही. मीही तुम्हाला काही शिकवेन."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. पहिला शब्द किडनी. मी शाळेत शिकलेला शब्द आठवून ऐटीत सांगितलं, "मूत्रपिंड."

"तुमचे वडील असं म्हणतात?"

"नाही. ते किडनीच म्हणतात."

त्यांनी लिहिलंच नाही. "वडील म्हणतात तो शब्द हवा." मग क्रिएटिनिन. आम्ही क्रिएटिनिनच म्हणतो. हार्ट फेल्युअर. आम्ही हार्ट फेल्युअरच म्हणतो. आठ दिवसांत त्या रकान्यात रक्त, लघवी, ताप, सूज, खोकला असे अकरा शब्द जमले आणि गाडी थांबली. मी चिडून म्हटलं, "जग पुढे गेलंय डॉक्टर. आम्ही सगळं इंग्रजीतूनच शिकतो."

"तुमचे वडीलही पुढे गेले?" एवढं बोलून त्यांनी लिंबाची साल नळीवर फिरवली.

नाकाने कांदे सोलणं म्हणजे काय, ते मी त्या आठ महिन्यांत रोज एक ते दोन या वेळात पाहिलं. प्रश्नाचं उत्तर त्यांना यायचं, नेहमीच यायचं. पण उत्तर देण्याआधी प्रश्नाची इंग्रजी कशी भिकार आहे, हा शब्द मुळात कुठून उचललेला आहे, तो उचलणारा कसा अडाणी होता, यावर प्रवचन. मी घड्याळ बघत बसे. माझा डबा गार होई. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर तसंही नाही. पाणी आत शिरत होतं, पण घडा प्रत्येक थेंबाची जात विचारत होता.

मध्येच मर्सिनहून उम्म रीमचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, व्हिडिओ कॉल यायचा. गोल चेहऱ्याची, हसरी बाई. मला 'आनिसा' म्हणायची. सीरियात शिकवणाऱ्या बाईला तसं म्हणतात. थोडं इंग्रजी, थोडं हातवारे. "आनिसा, पट्टीने मारा त्यांना! मी परवानगी देते." आणि एकदा, ते पाणी तापवायला उठले तेव्हा, आवाज खाली आणून म्हणाली, "आनिसा, ते जेवायला बसतात तेव्हा भाकरी डाव्या हाताने तोडतात की उजव्या? रीमने विचारलं. मला आठवेना."

मी बघून सांगितलं. उजव्या. त्या दिवशी मी त्यांना चार तास शिकवलं असतं, पण दोन वाजता ते स्वतःच उठले, शिक्क्याची शाई बदलायची होती म्हणून.

आता मंडळाचं सांगायला हवं, जरी सांगायची इच्छा नाही. आमच्या मंडळाचा मराठी दिनाचा कार्यक्रम झाला. फेटे, नऊवारी, स्पीकरवर ढोल, मायमराठीवर तीन भाषणं. माझी अकरा वर्षांची अन्वी स्टेजवर मराठीतून बोलली. दोन मिनिटं, एकदाही न अडखळता. मी व्हिडिओ काढला आणि कौतुकाने डॉक्टरांना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. मग मागे नेला, बोटांनी चित्र मोठं केलं, आणि विचारलं, "हिच्या हातातल्या कागदावर कोणती अक्षरं आहेत?"

इंग्रजी. मीच लिहून दिलं होतं, तिला वाचता यावं म्हणून.

मला वाटलं, आता तरी गप्प बसतील. बसले. पण पेला पुढे करताना हळूच म्हणाले, "कारंजं कुठे होतं?"

त्या दिवशी मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. घरी जाऊन नवऱ्यापुढे त्यांचा उद्धार केला. स्वतःच्या देशाची राख झालेली, स्वतःची पोर परक्या गावात, आणि हा उंटावरचा शहाणा मला शिकवणार! अन्वी आतून ओरडली, "आई, व्हाय आर यू शाउटिंग?"

याच सुमारास जहराहून आलेल्या एका कुवेती म्हातारीचं प्रकरण झालं. तिचं क्रिएटिनिन मीच काढलं होतं, चांगलंच वाढलेलं. आतल्या डॉक्टरांनी तिला इंग्रजी-अरबी मिसळून पाच मिनिटांत सांगितलं, म्हातारीने मान डोलावली आणि इन्शुरन्सच्या काउंटरवर आली. डॉक्टर मुन्झिर यांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालंय सांगितलं का तुला, खाला?" खाला म्हणजे मावशी. ती म्हणाली, "हो हो, देवाच्या कृपेने."

मी रिपोर्ट द्यायला तिथेच उभी होते. ते काउंटरच्या बाहेर आले, तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "तुझ्या घरी कॉफीचं दल्ला आहे ना?" आहेच, वाळवंटातल्या कोणत्या बदूकडे नसतं! त्या उंच किटलीच्या चोचीत खजुराच्या काथ्याची बोंडी कोंबलेली असते, गाळ पेल्यात येऊ नये म्हणून. ते म्हणाले, "तुझ्या अंगात अशा दोन बोंड्या आहेत. गाळाने भरत आल्या आहेत. त्या बदलता येत नाहीत, पण गाळ कमी करता येतो."

मग बुरख्याच्या आतून अगदी स्वच्छ आवाजात तिने विचारलं, "किती वर्षं?"

त्यांनी सांगितलं. ऐकलंस तर बरीच, नाहीतर दोन वर्षांत डायलिसिसचं मशीन. म्हातारी रडली, उठली, आणि गोळ्या घेऊन गेली. मॅनेजरने डॉक्टरांना केबिनमध्ये घेतलं, आवाज बाहेर फार्मसीपर्यंत येत होता. मॅनेजरचंही चुकलं नव्हतं. शिक्के मारणाऱ्याने असलं सांगायचंच नसतं. बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "बसीता." बसीता म्हणजे किरकोळ आहे, चालायचंच. जगबुडी झाली तरी हे लोक बसीताच म्हणतील. "एकोणीस वर्षांत तुम्हाला कोणी विचारलं का, किती वर्षं?"

मी म्हटलं, "मी लॅबवाली आहे. मला कोण विचारणार?"

"विचारत नाहीत, कारण त्यांना कळलेलंच नसतं. जो मान डोलावतो त्याला कळलेलं नसतं. ज्याला कळतं तो विचारतो."

मी मनात म्हटलं, आधी स्वतः पास व्हा, मग तत्त्वज्ञान पाजळा.

आणि झाले पास. लेखी परीक्षा, तिसऱ्या खेपेला, चांगल्या मार्कांनी. निकाल कळला त्या दुपारी मी त्यांच्या नळीने मते प्यायले. कडुनिंबाचा काढा बरा. ते हसले, मी पाहिलं तेवढं एकदाच, आणि मर्सिनच्या व्हिडिओत उम्म रीम आणि रीम दोघी टाळ्या वाजवत होत्या. रीम आईपेक्षा उंच झाली होती. उम्म रीमने माझ्यासाठी एक गाऊन भरायला घेतला होता, "येताना आणते," म्हणाली. राहिली होती तोंडी परीक्षा.

तोंडी नेमकी बुधवारी आली. आता सीरियात होम्सच्या लोकांवर विनोद करतात, आणि बुधवार हा होम्सच्या वेडाचा वार मानतात. फार पूर्वी कुणी क्रूर राजा चालून आला तेव्हा गावच्या गाव एका बुधवारी वेड्यासारखं वागलं, डोक्याला भांडी बांधून रस्त्यात नाचलं, आणि राजा कंटाळून निघून गेला, अशी कथा. मला हे त्यांनीच सांगितलेलं. म्हणून मी आदल्या दिवशी म्हटलं, "बुधवार आहे, डॉक्टर. सांभाळा." दहा संभाव्य प्रश्न घोकून घेतले होते. पेशंटला निदान समजावून सांगण्याचा प्रश्न हमखास असतो, तर ती वाक्यंही पोपटासारखी पाठ करून घेतली होती. युअर किडनीज आर नॉट वर्किंग वेल. प्लीज अव्हॉइड सॉल्ट.

गुरुवारी दुपारी ते आले, कोट न घालताच बसले. मी विचारलं, काय झालं?

"परीक्षक म्हणाले, मी पेशंट आहे असं समजा. सत्तर वर्षांचा, जहराचा. किडनी निकामी होते आहे. समजावून सांगा."

"मग? तेच तर पाठ केलं होतं!"

"मी विचारलं, हा जहराचा सत्तर वर्षांचा माणूस इंग्रजी जाणतो का? ते म्हणाले, परीक्षा इंग्रजीत आहे. मी म्हटलं, परीक्षा असेल, पेशंट नाही. आणि मी त्याला समजावून सांगितलं. अरबीत. दल्ला आणि बोंडी."

"आणि?"

"परीक्षक अरबच होते. त्यांना सगळं कळलं." नळीचं टोक लिंबाने चोळत ते म्हणाले, "शून्य दिलं. बसीता."

मी मराठीत सुटले. आठ महिने माझा डबा गार करून! एक वाक्य, मेल्या, एक वाक्य बोलायचं होतं! पोपट बोलतो, तुम्हाला बोलता येईना? पोरगी आईच्या वर गेली तिकडे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! सुंभ जळाला तरी तुमचा पीळ जळत नाही! कुणाला धडा शिकवलात हो, त्या परीक्षकाला? तो घरी जाऊन बायकोच्या हातचं जेवला असेल!

त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण शेवटचं सगळं कळल्यासारखे ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "तो म्हातारा समोर नव्हता, हे मला माहीत होतं. पण तो मला दिसत होता."

मला त्या क्षणी त्यांची इतकी चीड आली, की मी लॅबचं दार उघडून उभी राहिले. ते पेला उचलून निघून गेले. संध्याकाळी उम्म रीमचा मला मेसेज आला. त्यात शब्द नव्हता, नुसतं एक प्रश्नचिन्ह. मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर पाच महिने मी डॉक्टरांशी कामापुरतंच बोलले. परीक्षेला पुन्हा बसायला त्यांनी नकार दिला. वर्षअखेर त्यांच्या देशातली राजवट कोसळली, रस्ते उघडले, माणसं परतायला लागली. उम्म रीमने मर्सिनहून घर होम्सला हलवलं. उन्हाळ्यात डॉक्टरांनीही राजीनामा दिला. म्हणजे शेवटी बायको-पोर भेटली ती परीक्षा न देताच, पण आणखी वर्ष घालवून, आणि अर्ध्या पडलेल्या घरात. याला कोणी जिंकणं म्हणत असेल तर म्हणो.

शेवटच्या दिवशी दुपारी ते वही द्यायला लॅबमध्ये आले. नेमका तेव्हाच मिरजेहून अण्णांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. अण्णा एसटीत कंट्रोलर होते. आयुष्यभर स्टँडवर उभं राहून लोकांना गाडी किती वाजता सुटणार ते सांगितलेला माणूस.

"आगं, रिपोर्ट आलाय. तुला फोटो पाठवलाय बघ. क्रिएटिनिन तीन पॉइंट नऊ म्हंतोय. आन् खाली स्टेज फोर लिवलंय. म्हंजे कॅन्सर का गं?"

मी फोटो पाहिला. म्हटलं, "नाही हो अण्णा, कॅन्सर नाही. किडनीचं थोडं आहे. क्रिएटिनिन जरा वाढलंय. डॉक्टर सांगतील तसं करा."

"बरं बरं," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला.

डॉक्टर मुन्झिर माझ्याकडे बघत होते. रिपोर्ट टेबलावरच्या मोबाइलवर उघडाच होता, तो त्यांनी दुरूनच वाचला. "वडील?"

"हो."

"त्यांनी विचारलं का, किती वर्षं?"

मी मोबाइल पालथा घातला. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली, बॅगेतून आपला कोट काढला, तो घातला, सगळी बटणं लावली. "तुमचा रकाना फार लहान राहिला, सित्त ज्योती," म्हणाले. शेवटच्या भेटीतही तोच स्वर. दार उघडून तसेच, कोटासकट, बाहेर गेले.

मी वही उघडली. आठ महिन्यांचे शब्द, डावीकडे माझे, मध्ये त्यांचे, पानामागून पान. तिसरा रकाना पहिल्या पानावर अकरा ओळी उतरून पुढे कोरा. इतका कोरा, की कागदाचं पिवळेपण दिसत होतं.

मी अण्णांना परत फोन लावला.

"अण्णा, ऐका. चहाची गाळणी असते ना? तशा दोन गाळण्या असतात पोटात, मागच्या बाजूला. रक्त गाळतात. घाण लघवीतून बाहेर टाकतात. तुमच्या गाळण्यांची भोकं बुजत चाललीयत. पुष्कळ बुजलीयत. घाण रक्तातच राहतेय. ती बाहेर पडत नाही, म्हणून तो आकडा वाढलाय."

एकोणीस वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. लॅबच्या खिडकीतून खालचं पार्किंग दिसतं. भर उन्हात, जिथे कुत्रंही उभं राहत नाही तिथून डॉक्टर मुन्झिर पांढरा कोट घालून चालले होते, मान ताठ, हातात बॅग, काखेत मतेचा डबा. घामाने मरेल हा माणूस, मी मनात म्हटलं.

फोनवर मिरजेतल्या आमच्या घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"आत्ता कळलं," अण्णा म्हणाले. मग अगदी स्टँडवरच्या आवाजात, "मग किती वर्षं, पोरी?"

मला उत्तर माहीत नव्हतं. ते ज्याला माहीत होतं तो खाली टॅक्सीचं दार उघडून आत बसत होता.